कुडाचे बांध आणि स्टीलहेड मासा

सह्याद्रीच्या पूर्वेस जसा अवर्षणाचा पट्टा पसरलेला आहे, तसाच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऑरेगॉन राज्यात कॅस्केड पर्वताच्या पूर्वेसही आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग पर्वताच्या पश्चिम उतारावरच रिते होतात आणि पूर्वेकडील प्रदेशास वर्षाकाठी जेमतेम तीस सेंटिमीटर पाऊस व थोडेफार हिम एवढ्यावर भागवावे लागते. आपल्या माणदेशाच्या पावसापेक्षाही हे मान कमी आहे. येथील उघड्याबोडक्या टेकड्यांतून ब्रिज क्रीक नावाचा एक ओढा वाहतो. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे सातशे चौरस किलोमीटर आहे. हा ओढा जॉन डे नदीस मिळतो, जॉन डे नदी कोलंबिया नदीस मिळते आणि कोलंबिया समुद्रास. उन्हाळ्यात ज्याची धार अगदी बारीक होते अशा या ओढ्यात, समुद्रापासून पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर प्रवाहाविरुद्ध पोहून, एक मासा अंडी घालण्यास येतो. त्याचे नाव स्टीलहेड.

कोलंबिया खोऱ्याच्या मध्यभागातील या माशांची संख्या इतकी घटली की १९९९ साली तेथील केंद्र शासनाने त्यांस संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. त्यानंतर दहा वर्षांनी, २००९ मध्ये, ब्रिज क्रीकमध्ये एक प्रयोग हाती घेण्यात आला. प्रयोग माशासाठी होता, तथापि त्यातील काम लाकडी खुंट, फांद्या, माती आणि फावडे यांचे होते, आणि त्यामुळे जे पाणी अडले ते भोवतालच्या जमिनीत मुरले. ज्यांचा ओढ्या-नाल्यांशी रोजचा संबंध येतो अशा शेतकरी बंधूंना व ग्रामसेवकांना म्हणूनच ही हकीकत मनोरंजक व उपयुक्त वाटेल.

एकाच माशाचे दोन संसार

स्टीलहेड हा वेगळ्या जातीचा मासा नव्हे. इंद्रधनुषी ट्राउट म्हणून जो मासा जगभर प्रसिद्ध आहे, तोच हा. एकाच ओढ्यात जन्मलेल्या पिल्लांपैकी काही जन्मभर तेथेच राहतात. त्यांच्या कुशीवर गुलाबी पट्टा आणि अंगभर काळे ठिपके असतात. यांस ट्राउट म्हणतात. काही पिल्ले मात्र बहुधा दोन वर्षांची झाली की वसंत ऋतूत वितळलेल्या हिमाच्या पुराबरोबर समुद्राकडे निघतात. वाटेत त्यांचे अंग रुपेरी होते आणि खारे पाणी सोसण्याची शक्ती त्यांच्या शरीरात उत्पन्न होते. समुद्रात एक-दोन वर्षे राहून, मुबलक अन्नावर पुष्ट होऊन ती परत फिरतात. त्या वेळी त्यांच्या डोक्यास पोलादासारखी निळसर झाक असते, म्हणून नाव स्टीलहेड, अर्थात पोलादी डोक्याचा. एक भाऊ गावी राहून शेती पाहतो आणि दुसरा मुंबईस जाऊन कमावून परत येतो, तशातलाच हा प्रकार. पॅसिफिक किनाऱ्यावरील सामन मासे अंडी घालून झाली की मरतात. स्टीलहेडपैकी काही मात्र जगतात, पुन्हा समुद्रात जातात आणि दुसऱ्यांदा विणीस येतात.

ही दोन रूपे किती जवळची आहेत याचा प्रत्यय ऑरेगॉनच्या उत्तरेस, वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीत आला. १९१३ साली या नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण झाले, पुढे १९२७ साली त्याच्या वर दुसरे झाले. दोहोंतही माशांना वर जाण्यास वाट ठेवलेली नव्हती. नदीच्या वरच्या भागात जे मासे अडकले त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या साध्या ट्राउट म्हणून जगल्या. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे काढून टाकण्यात आली. त्यानंतर समुद्रातून जे स्टीलहेड परतू लागले, त्यांतील उन्हाळी हंगामात येणाऱ्या माशांची आनुवंशिक तपासणी केली असता, ते धरणांमागे अडकलेल्या त्या ट्राउटांचेच वंशज असल्याचे आढळून आले. शंभर वर्षांत ज्यांच्या पूर्वजांनी समुद्र पाहिला नव्हता, त्यांस वाट मोकळी होताच समुद्राची ओढ पुन्हा लागली.

भारतात ट्राउट मासा मूळचा नाही. इंग्रजांनी आपल्या गळाच्या शौकासाठी १९०० च्या सुमारास तपकिरी ट्राउटची अंडी काश्मिरात आणली. इंद्रधनुषी ट्राउट त्यानंतर आला. निलगिरीत अ‍ॅव्हलांच येथे १९०७ साली आणि कुलूच्या खोऱ्यातही त्याच सुमारास ट्राउटची बीजकेंद्रे निघाली. आज काश्मीर व हिमाचल प्रदेशात शेतकरी झऱ्याच्या वाहत्या पाण्यावर हौद बांधून इंद्रधनुषी ट्राउट वाढवितात. हा धंदा निराळा व चांगला आहे. परंतु परका मासा नैसर्गिक नदीत सोडताना विचार करावा लागतो, कारण तपकिरी ट्राउट देशी माशांची पिल्ले खातो. महाराष्ट्रातील नद्यांचे पाणी ट्राउटला मानवणारे नाही, तेव्हा येथे तो आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सह्याद्रीच्या नद्यांत मान आहे तो महासीर माशाचा. तोही पावसाळ्यात विणीसाठी प्रवाहाच्या वर चढतो, आणि त्यालाही वाट व स्वच्छ गोटे लागतात.

थंड पाणी का हवे

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो, आणि पाणी जसजसे तापते तसतसा त्यातील प्राणवायू कमी होतो. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे अकरा मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू राहू शकतो. तेच पाणी पंचवीस अंशांवर गेले की हे प्रमाण आठ मिलिग्रॅमवर येते. दुसरीकडे, उष्णतेने माशाच्या शरीराचा व्यापार वाढतो व त्यास प्राणवायू अधिक लागतो. अशा रीतीने मिळकत घटते आणि खर्च वाढतो. कटला-रोहू यांस हे सोसते. ट्राउटला पाणी सोळा अंशांच्या आत असले तर उत्तम, वीस अंशांवर गेले की तो अन्न खाईनासा होतो, आणि पंचवीसच्या आसपास मरू लागतो.

दुसरी गरज स्वच्छ गोट्यांची. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी तळातील सुपारी-लिंबाएवढ्या गोट्यांत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरच्या बाजूचे गोटे उकरून त्यांवर लोटते. गोट्यांच्या फटींतून पाणी खेळत राहिले तरच अंड्यांस प्राणवायू मिळतो. चार ते सात आठवड्यांत, पाण्याच्या तापमानानुसार, अंडी फुटतात. वरच्या शेतातून अगर जनावरांच्या पायांनी ढासळलेल्या काठावरून बारीक माती आली व फटी बुजल्या, तर अंडी आतल्या आत गुदमरतात. बाहेरून ओढा पूर्वीसारखाच दिसतो. जून महिन्यात मत्स्यजिरे दिसेनासे झाले म्हणजे मग काय घडले ते कळते.

सावली, ओल, गोटे आणि मोकळी वाट ही या माशाची शेतजमीन होय. नदीत बाहेरून कितीही बीज सोडले तरी जमीन बिघडली असता पीक येत नाही. मोंटाना राज्याने याचा धडा खर्चिक मार्गाने घेतला. तेथील मत्स्य खात्याने वर्षानुवर्षे हौदात वाढविलेले ट्राउट नद्यांत सोडले. डिक व्हिन्सेंट या खात्यातील शास्त्रज्ञाने मॅडिसन नदीत मोजणी केली, तेव्हा असे दिसले की मासे सोडणे बंद केलेल्या टप्प्यात नदीतील मूळचे वाढलेले मासे अधिक झाले, आणि जेथे नव्याने सोडले तेथे ते कमी झाले. हौदातील झुंडी जागा व अन्न बळकावीत आणि स्वतःही फार काळ तगत नसत. १९७४ साली मोंटानाने, जेथे नैसर्गिक ट्राउट आहेत त्या नद्यांत बीज सोडणे थांबविले. केंद्रात बीज तयार करणे हे डोळ्यांत भरणारे काम असते, छायाचित्रेही चांगली निघतात. ते बंद करण्यास खात्यास किती धैर्य लागले असेल याची कल्पना खात्यांत काम करणाऱ्यांस सहज येईल. जॉन डे नदीतही स्टीलहेडचे बीज सोडले जात नाही, जे काही मासे आहेत ते नदीनेच वाढविलेले.

ओढा खोल कसा गेला

ब्रिज क्रीकची जमीन बिघडली ती दीडदोनशे वर्षांपूर्वीपासून. या ओढ्यांत पूर्वी बीव्हर नावाचा प्राणी विपुल होता. हा उंदीर-घुशींच्याच वर्गातील, परंतु वजनाने वीस किलो अगर त्याहून मोठा. त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी आणि पुढचे दात पटाशीसारखे असतात. काठावरील वाळुंजाच्या जातीची झाडे दातांनी तोडून, त्यांच्या फांद्या, चिखल व दगड रचून तो ओढ्यावर बांध घालतो. आपल्या घराचे दार सदैव पाण्याखाली राहावे, म्हणजे लांडग्या-कोल्ह्यांस आत शिरता येऊ नये, एवढाच त्याचा हेतू. पण त्यामुळे ओढ्यात एकाखाली एक डोह तयार होत, पुराचे पाणी काठांवर पसरे आणि सगळी दरी ओलसर राही.

युरोपात बीव्हरच्या केसांपासून केलेल्या टोप्यांची चलती होती. १८२० नंतरच्या दशकात हडसन्स बे कंपनीच्या टोळ्यांनी या प्रदेशातील बीव्हर जवळजवळ निपटून काढले. त्यातही अमेरिकन व्यापाऱ्यांनी इकडे फिरकू नये म्हणून मुद्दामच काही शिल्लक ठेवायचे नाही, असे धोरण होते. मागाहून वसाहतवाल्यांची गुरे आली व काठचा झाडोरा चरून गेला. बांध राखणारा प्राणी गेला, काठ धरून ठेवणारी मुळे गेली. मग पुराच्या लोंढ्याने ओढ्याचा तळ खरवडून काढला. ओढा आपल्याच दरीत खाली खाली जाऊन उभ्या काठांच्या चरातून वाहू लागला. त्याबरोबर दोन्ही बाजूंची भूजल पातळीही उतरली. वरचे गवताळ माळ वाळले, वाळुंजाची मुळे पाण्यापर्यंत पोहोचेनात. नाला खोल झाला म्हणजे पाणी साठते असा एक समज आहे. चर जर दरीतील सर्वांत खालची जागा झाला, तर तो भोवतालच्या जमिनीतील पाणी उपसून नेणारा पाटच ठरतो. ब्रिज क्रीकमध्ये नेमके हेच घडले.

पुढे शिकारीवर निर्बंध आले आणि थोडे बीव्हर परत आले. त्यांनी बांधही घातले. पण अरुंद चरात कोंडलेला पूर रुंद दरीतील पुरापेक्षा फार जोराचा असतो, आणि बांधास आधार देण्याजोगी जाड लाकडेही काठावर राहिली नव्हती. त्यामुळे बहुतेक बांध वर्षाच्या आतच फुटत.

खुंट आणि कूड

मायकेल पोलॉक, निक बाऊस आणि त्यांच्या सहकारी मत्स्य व भूरूप शास्त्रज्ञांनी या बीव्हरांस हातभार लावण्याचे ठरविले. काँक्रीटचा बंधारा घालणे त्यांच्या मनात नव्हते. त्यांनी साध्या लाकडाचे, मनगटाहून जाड असे खुंट ओढ्याच्या आडव्या रांगेत सुमारे हातभर अंतरावर तळात ठोकले. खुंटांच्या मधून वाळुंजाच्या ओल्या फांद्या, घराचा कूड विणावा तशा विणल्या. वरच्या बाजूस पायथ्याशी गोटे, माती व गवताची ढेकळे भरली. झाला बांध. उंची कंबरेएवढी किंवा त्याहून कमी. तो संपूर्ण पाणी अडवीत नाही. काही पाणी वरून सांडते, काही फटींतून झिरपते, आणि पूर आला म्हणजे पुष्कळसे बाजूने वळून काठावर चढते. हेच त्यातील मर्म आहे.

ज्यांनी पावसाळा संपताच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला आहे, त्यांस हे काम ओळखीचे वाटेल. फरक असा की वनराई बंधारा उन्हाळ्याच्या पाण्यासाठी असतो व पहिल्या पुरात तो जाणार हे धरलेलेच असते. येथे बांधाने पुरातच काम करावे अशी अपेक्षा होती. पुराचा जोर मोडावा, त्यातील गाळ बांधामागे बसावा, आणि खोल गेलेला तळ वर्षानुवर्षे थोडथोडा वर यावा, हा उद्देश. काही बांध पुरात एका बाजूने कापले गेले. तेही वाया गेले असे मानण्यात आले नाही, कारण प्रवाहाने बाजूस काठ कोरून चर रुंद केला आणि कोरलेली माती पुढच्या बांधामागे जाऊन बसली.

२००९ ते २०१२ पर्यंत असे १२१ बांध घालण्यात आले. ते सलग न घालता ओढ्याच्या निवडक टप्प्यांत घातले होते आणि मधले टप्पे तुलनेसाठी तसेच सोडले होते. शिवाय त्याच खोऱ्यातील मर्डरर्स क्रीक या ओढ्यातही काहीच न करता केवळ मोजणी केली गेली. खताचा परिणाम पाहताना शेताचा एक वाफा बिनखताचा ठेवतात, तोच हा प्रकार, फक्त ओढ्याच्या मापाचा. बीव्हरांनी तयार बांधांचा ताबा घेतला, त्यांवर चिखल चढविला, आणि आजूबाजूस आपले नवे बांधही घातले. जेथे बीव्हर नांदले तेथे माणसांचे देखभालीचे काम पुष्कळच हलके झाले.

मोजणीने काय दाखविले

बोटुकल्यांच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी एक काचेची नळी बसविण्यात आली. तीत त्या माशाचा क्रमांक असतो. ओढ्यात ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून मासा गेला की क्रमांकाची नोंद होते. मासा न मारता, न पकडता तो कोठे गेला हे कळते, आणि पुढे कोलंबिया नदीच्या धरणांवरही तोच क्रमांक वाचला जातो. या रीतीने हजारो माशांचा हिशेब ठेवण्यात आला.

२०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बांध घातलेल्या ब्रिज क्रीकमध्ये, तुलनेच्या ओढ्याच्या मानाने, पिल्ले जगण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांनी वाढले होते. ओढ्यातून तयार होणाऱ्या माशांचे एकूण उत्पादन, म्हणजे संख्या, वाढ आणि जगणे ही सर्व मिळून, १७५ टक्क्यांनी वाढले होते. दर शंभर मीटर लांबीत पिल्लेही अधिक सापडत होती. भूजल पातळी वर आली होती व काठांवर झाडोरा वाढू लागला होता.

दोन शंका प्रारंभापासून घेतल्या जात होत्या आणि त्या गैरवाजवी नव्हत्या. पहिली, बांधाने माशाची वाट अडेल. जेथे एल्व्हासारख्या नदीत धरणानेच माशांचा नाश केला, तेथे मासे वाचविण्यासाठी बांध घालणे हे विपरीत वाटणारच. परंतु मोठे मासे वर चढताना व लहान मासे खाली उतरताना त्यांस या बांधांचा अडथळा झाल्याचे दिसले नाही. काही उडी मारून जात, काही बाजूच्या छोट्या प्रवाहातून, काही फांद्यांच्या फटींतून. बीव्हर आणि स्टीलहेड हजारो वर्षे एकाच ओढ्यात राहत आले आहेत, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरी शंका अशी की, साचलेले उथळ पाणी उन्हाने तापेल. हौदातील पाणी तापते हा रोजचा अनुभव आहे. पण ओढ्यावरील डोहाचा तळ बंद नसतो. डोहाच्या दाबाने पाणी तळातील व काठांतील गोट्यांत शिरते, जमिनीखालून सावकाश सरकते आणि बांधाच्या खाली गार होऊन पुन्हा बाहेर येते. माठातील पाण्याप्रमाणे जमिनीत मुरलेले पाणी दिवसाच्या उन्हापासून सुरक्षित राहते. बांध वाढले तेव्हा दिवसाचे कमाल तापमान चढले नाही. उलट दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार सौम्य झाला, आणि गार पाण्याच्या लहानलहान जागा वाढल्या. भर उन्हाळ्यात मासे अशाच जागा धरून बसतात.

गळ टाकणाऱ्यांचे नियम

स्टीलहेडला गळाने पकडणे हा त्या भागातील फार मोठा शौक आहे. शरदात पाणी गार होऊ लागले की दूरदूरचे लोक जॉन डे नदीवर येतात. लोकर, पिसे व जरी यांची कृत्रिम माशी करून ती लांब दोरीने प्रवाहावर आडवी टाकतात. दिवसच्या दिवस मासा लागत नाही, तरी लोक येतात. लहान गावांतील खाणावळी व दुकाने यांस त्यांचा आधार आहे.

येथे नियम कडक आहेत. बीजकेंद्रांत वाढविलेल्या माशाचा शेपटीजवळचा, पाठीवरील लहान मांसल पर लहानपणीच कापलेला असतो. पर शाबूत असला तर मासा नैसर्गिक समजावा व सोडून द्यावा लागतो. सोडावयाचा मासा पाण्याबाहेर काढू नये, कोरड्या हातांनी धरू नये, कारण त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघाल्यास रोग होतो. मोंटानातील एक नियम तर केवळ तापमानावर चालतो. नदीचे पाणी लागोपाठ तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअसवर गेले की दुपारी दोन वाजल्यापासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करण्यात येते. तापलेल्या पाण्यात दमलेला ट्राउट सोडला तरी बहुधा जगत नाही.

एवढे करूनही ओढ्यातील सुधारणेने सर्व प्रश्न सुटत नाहीत. जॉन डे नदीच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही, ही मोठी भाग्याची गोष्ट आहे. पण समुद्राकडे जाताना व येताना कोलंबिया नदीवरील तीन मोठी धरणे ओलांडावी लागतात. चढण्यासाठी तेथे पायऱ्यापायऱ्यांची मत्स्यशिडी आहे, उतरताना पिल्लांची हानी होते. समुद्राचे पाणी ज्या वर्षी अधिक तापते त्या वर्षी अन्न तुटते व फार थोडे मासे परततात. २०२१ साली कोलंबियात परतलेल्या स्टीलहेडची संख्या इतकी घसरली की, त्या शरदात जॉन डेसह अनेक उपनद्यांवर स्टीलहेडची मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली. ऐन हंगामात गावे रिकामी राहिली.

शेतकऱ्यांचा पाट आणि शेतकऱ्यांची तक्रार

जॉन डे खोऱ्यातील बहुतेक पाणी लसूणघास व गवताच्या शेतीस जाते, आणि त्यावर गुरांचा धंदा चालतो. पूर्वी दर उन्हाळ्यात यंत्राने नदीतील गोटे लोटून आडवा ढीग करीत व पाणी पाटात वळवीत. ढीग पुरात वाहून जाई, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दर खेपेस विणीचे गोटे उलथले जात आणि पिल्ले पाटातून शेतात जाऊन मरत. आता पुष्कळ ठिकाणी पाटाच्या मुखाशी जाळीचे आडवे नळकांडे बसविलेले असते. पाटाच्याच प्रवाहावर फिरणारे लहान पाणचक्र त्यास हळूहळू फिरवीत राहते, त्यामुळे काडीकचरा जाळीवरून पलीकडे जातो व जाळी तुंबत नाही. मासा मात्र जाळीशी अडून बाजूच्या नळातून नदीत परततो. वीज लागत नाही, शेतकऱ्याचे पाणीही कमी होत नाही. ही जाळी बनविण्याची व दुरुस्तीची कार्यशाळा राज्याच्या मत्स्य खात्याने जॉन डे गावातच ठेवली आहे. जाळी बसविली आणि नादुरुस्त झाल्यावर महिनोन्‌महिने कोणी फिरकले नाही, असे झाले असते तर शेतकऱ्यांनी ती केव्हाच उपटून टाकली असती.

पाण्याच्या हक्काचा प्रश्न अधिक नाजूक. ज्याने आधी पाणी वापरले त्याचा हक्क आधी, आणि पाणी न वापरल्यास हक्क बुडतो, असा तेथील जुना कायदा आहे. त्यामुळे गरज नसली तरी हक्क राखण्यासाठी पाणी काढणे शहाणपणाचे ठरे. १९८७ साली ऑरेगॉनने कायदा करून नदीत राहू दिलेले पाणी हाही उपयोगच मानला. तेव्हापासून शेतकरी आपला हक्क काही वर्षांसाठी नदीस भाड्याने देऊ शकतो, त्याचा मोबदला घेतो, आणि हक्क शाबूत राहतो. ओढ्याच्या काठास कुंपण घालून गुरे दूर ठेवणाऱ्यांसही त्या पट्ट्याचे भाडे मिळण्याची योजना आहे. गुरांस पाणी पाजण्यासाठी मग वेगळे डोण करावे लागते.

बीव्हरविषयी मात्र शेतकऱ्यांच्या मनात अढी होती, आणि ती निराधार म्हणता येत नाही. तो रस्त्याखालच्या मोऱ्या तुंबवितो, फळझाडे पाडतो, गवताचे शेत पाण्याखाली घालतो. ऑरेगॉनच्या ध्वजाच्या मागील बाजूस बीव्हरचे चित्र आहे आणि १९६९ पासून तो राज्याचा मानचिन्ह प्राणी आहे. तरी खाजगी जमिनीवर कायदा त्यास उपद्रवी प्राणी समजे, आणि कोणीही त्यास केव्हाही मारू शके. २०२३ साली ही तरतूद बदलण्यात आली व २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. नुकसान होत असल्यास आजही उपाय करता येतो, परंतु त्यास नियम आहेत.

झाडे वाचविण्यास बुंध्याभोवती तारेची जाळी पुरते. बुडालेल्या शेतासाठी निघालेला उपाय अधिक मौजेचा आहे. बीव्हर गळतीची जागा शोधतो ती मुख्यतः पाण्याच्या आवाजावरून, आणि आवाज येईल तेथे चिखल थापतो. म्हणून बांधातून एक मोठा नळ घालून त्याचे वरचे तोंड डोहात बरेच आत, पाण्याखाली, तारेच्या पिंजऱ्यात ठेवतात. पाणी निःशब्दपणे आत शिरते. नळ ज्या उंचीवर बसविला असेल तेथपर्यंतच डोह भरतो, शेत कोरडे राहते, आणि बीव्हर रोज रात्री येऊन आपला बांध मन लावून लिंपीत असतो.